आरसाभिंतीवरची नावं

शहरातल्या भिंतीवर कुणी न विचारता काही लिहिलं किंवा रंगवलं तर ती कला की नासधूस, हा वाद आपल्याकडे बहुधा आवडीनिवडीवर येऊन संपतो. चित्र देखणं असलं तर कला. नुसतं नाव आणि बदामात घुसलेला बाण असला तर नासधूस. माझं या उत्तराने कधी समाधान झालं नाही, कारण इतिहासात हा निवाडा देखणेपणा पाहून झालेला क्वचितच दिसतो. तो कशावरून होतो हे पाहायला एक भिंत फार सोयीची आहे. तिच्यावर ओरखडे उमटवण्याच्या एकाच कृतीला दोन्ही उत्तरं मिळाली आहेत, आणि दुसऱ्या उत्तरापायी एका तरुणीला तुरुंगात जावं लागलं. ही भिंत श्रीलंकेत, सिगिरियाला आहे.

सिगिरिया म्हणजे सपाट रानातून एकदम वर आलेला, सुमारे २०० मीटर उंचीचा कातळ. पाचव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत कश्यप नावाच्या राजाने त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला आणि पायथ्याशी बागा, तळी, कारंजी असलेली नगरी वसवली. त्याने बाप धातुसेन याला मारून गादी मिळवली होती. गादीचा खरा वारस, त्याचा सावत्र भाऊ मोग्गल्लान, जीव वाचवून भारतात पळाला होता. तो परत येईल या धास्तीने कश्यप कड्यावर जाऊन बसला, असं जुनी बखर सांगते. भाऊ शेवटी आलाच. कश्यप लढाईत संपला, राजधानी पुन्हा अनुराधपुरला गेली आणि कातळ भिक्खूंच्या ताब्यात आला.

पण कश्यपाने दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक, कड्याच्या पश्चिम अंगावर उंच काढून घेतलेली स्त्रियांची चित्रं. कमरेखाली ढगांत विरून गेलेल्या, हातात फुलं धरलेल्या या सोनसळी बायकांचं अजिंठ्याशी नातं लावलं जातं. त्यांच्यापैकी आज वीसेकच उरल्या आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे या चित्रांच्या खालून जाणाऱ्या वाटेला बाहेरच्या बाजूने घातलेली विटांची भिंत. तिला चुन्याचा गिलावा दिला होता आणि तो इतका घोटला होता की तिच्यात प्रतिबिंब दिसे म्हणतात. सिंहलीत तिचं नाव ‘कॅटपत पवुर’, आरशाची भिंत.

राजा गेला तरी माणसं यायची थांबली नाहीत. सहाव्या शतकापासून पुढे सात-आठशे वर्षं लोक हा कडा पाहायला येत राहिले. वर पाहून झालं की टोकदार काहीतरी घेऊन समोरच्या गुळगुळीत गिलाव्यावर लिहीत राहिले. ब्रिटिश काळात पुरातत्त्व खातं तिथे पोचलं तेव्हा भिंतीवर ओरखड्यांचं जाळं होतं. सेनरत परणवितान या पुराभिलेखतज्ज्ञाने ते वर्षानुवर्षं वाचलं आणि १९५६ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून दोन जाडजूड खंड निघाले. त्यांत ६८५ पद्यं आहेत, बहुतेक आठव्या ते दहाव्या शतकातली. बहुतेक पद्यं ‘गी’ या यमक नसलेल्या जुन्या सिंहली छंदात आहेत.

अनुवादाच्या कामाने मला जी वाचनाची सवय लावली तिचा एक भाग असा, की मजकूर कुणाला उद्देशून आहे हे मी आधी शोधते. इथे ते चटकन सापडतं. बहुतेक पद्यं वरच्या बायकांना उद्देशून आहेत. लिहिणारे त्यांच्या रंगावर, डोळ्यांवर लिहितात आणि त्या बोलत नाहीत म्हणून तक्रार करतात. काहींना त्या राजामागे राहिलेल्या, शोक करणाऱ्या राण्या वाटतात. काही पद्यं स्त्रियांची आहेत, आणि त्यांतल्या काहींचा सूर वेगळाच आहे. पुरुषमंडळी भिंतीवरच्या बाईपुढे इतकी विरघळलेली पाहून आलेला वैताग त्यात दिसतो. शिवाय बरेच जण आपलं नाव सांगतात, गाव सांगतात, आपण कोण ते सांगतात. भिक्खू आहेत, सैनिक आहेत, दरबारातले लोक आहेत. ‘हे मी लिहिलं’ असं सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

सिंहलीतला हातात असलेला सर्वांत जुना साहित्यशास्त्राचा ग्रंथ ‘सियबस्लकर’. तो दण्डीच्या ‘काव्यादर्शा’वर बेतलेला आहे, म्हणजे दरबाराचा, पंडितांचा. त्याच सुमाराला, कुणाच्या आश्रयाशिवाय, वाटसरूंनी कसं लिहिलं हे कळायला मात्र आरसाभिंतीचाच आधार. सिंहली कवितेचा कुठलाही इतिहास या भिंतीशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. मराठी वाचकाला याचं अप्रूप जरा जास्तच वाटावं. आपल्याकडचे जुने कोरीव लेख म्हणजे मुख्यतः दानं आणि हुकूम. शिलाहारांच्या कोकणात तर लेखाखाली गाढव कोरून, दान मोडणाऱ्याला आईवरून शाप देणारी गधेगाळ. दगडावर बोलायचा अधिकार ज्याचा, त्याचाच तो आवाज. सिगिरियाला उलट आहे. तिथे राजाच्या भिंतीवर ज्याला त्याला बोलायचं होतं.

आता प्रश्न असा, की ज्या दिवशी हे लिहिलं गेलं त्या दिवशी ते काय होतं? परवानगी कुणी मागितल्याचं दिसत नाही. घोटलेला गिलावा खरवडून अक्षरं काढली गेली आणि काही ठिकाणी जुन्या ओळींना छेदून नव्या आल्या. चित्रांना मात्र या लेखकांनी हात लावला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं जातं. खरं आहे, पण चित्रं हाताला लागण्यासारखी नव्हती, हेही तितकंच खरं. कश्यपाचा एखादा कारभारी जिवंत असता आणि त्याने धन्याच्या आरशाची ही दशा पाहिली असती, तर त्याने या ६८५ पद्यांना कविता म्हटलं असतं असं मला वाटत नाही. सिंहलीतला हा ठेवा भिंतीची नासधूस करूनच तयार झाला आहे. ‘करूनही’ नव्हे, ‘करूनच’.

ज्या दोन शब्दांत आपण हा वाद घालतो ते तर अगदीच अलीकडचे आहेत. ग्राफिटी हा शब्द इटालियन आहे; मुळाशी ओरखडणं, खरडणं. पाँपेईच्या उत्खननात भिंतींवर जे किरकोळ लेखन सापडलं त्याला हे नाव पडलं आणि राफाएले गारुच्ची या जेझुइट विद्वानाने १८५६ च्या आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच ते घातल्यावर ते युरोपभर रुळलं. म्हणजे हा शब्द विद्वानांच्या कौतुकातून आला. मराठीत आणताना मात्र पंचाईत होते. भित्तिचित्र म्हटलं की अजिंठा डोळ्यांपुढे येतो, भित्तिपत्रक म्हटलं की निवडणूक. ‘खरड’ हा मूळ अर्थाला सर्वांत जवळचा शब्द, कारण मराठीत खरडणं म्हणजे खरवडणंही आणि कसंबसं लिहिणंही. पण तो वापरला की निकाल आधीच लागतो.

व्हॅंडलिझम या शब्दाचा जन्म तर तारखेने सांगता येतो. फ्रेंच राज्यक्रांतीत राजांचे पुतळे, चर्चमधली शिल्पं, हस्तलिखितं लोक फोडत-जाळत होते. १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार याने राष्ट्रीय परिषदेपुढे अहवाल मांडले आणि या कृत्यांसाठी नवा शब्द केला. ४५५ मध्ये रोम लुटणाऱ्या व्हॅंडल टोळ्यांवरून तो घेतला होता. (कश्यप गादीवर येण्याच्या दोन दशकं आधीची ती लूट, त्या टोळ्यांनी इमारती फार पाडल्या असंही नाही, पण नाव त्यांचं बद्दू झालं ते झालंच.) ग्रेग्वारच्या युक्तिवादाचा गाभा असा होता, की या वस्तू आता राजाच्या नाहीत, चर्चच्या नाहीत, राष्ट्राच्या आहेत. राष्ट्राची वस्तू फोडणं म्हणजे स्वतःचंच धन लुटणं. नासधुशीचा हा आधुनिक शब्द जन्माला आला तोच मालकी कुणाची, या प्रश्नाबरोबर. सौंदर्य त्यात होतं, पण मागच्या बाकावर.

सिगिरियाची मालकीही अशीच बदलत गेली. राजाची, मग भिक्खूंची, मग कित्येक शतकं रानाची, मग ब्रिटिश खात्याची. १९४० मध्ये सिलोनचा पुरातन वस्तूंचा कायदा आला. त्याच वर्षी परणवितान खात्याचे प्रमुख झाले. १९८२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव गेलं. प्रत्येक टप्प्यावर भिंत अधिकाधिक जणांची झाली आणि तिच्यावर हात ठेवता येणारी माणसं कमी कमी होत गेली.

फेब्रुवारी २०१५ मध्ये देशाच्या पूर्व भागातून मैत्रिणींबरोबर सहलीला आलेल्या एका तमिळ तरुणीने या भिंतीवर आपलं नाव ओरखडलं. पुढच्याच महिन्यात दंडाधिकाऱ्यांनी तिला दोन वर्षांच्या कैदेची शिक्षा सुनावली. यादवी युद्ध संपून तेव्हा सहा वर्षंही झाली नव्हती. सिंहली अभिमानाच्या सर्वांत मोठ्या खुणांपैकी एकीवर तमिळ मुलीने उमटवलेला ओरखडा, एवढा अर्थ त्या घटनेला चिकटायला कुणाला फार कष्ट पडणार नव्हते. शिक्षा अती आहे अशीही मोठी ओरड झाली, राष्ट्राध्यक्षांकडे माफीची मागणी झाली आणि त्याच वर्षी त्यांनी माफी दिली. तोवर काही आठवडे ती आत होतीच.

तिने केलं ते नुकसान होतं, यात मला शंका नाही. गिलावा पुन्हा उगवत नाही. आज रोज येणाऱ्या पर्यटकांपैकी शंभरात एकाने जरी नाव कोरलं तरी वर्षाभरात आठव्या शतकातली ओळ वाचायला शिल्लक राहणार नाही. वाटसरूंची वर्दळ आणि पर्यटनाचा उद्योग यांत हा फरक आहे, आणि तो डावलून ‘त्यांनी लिहिलं तर आम्ही का नाही’ असं म्हणणं मला पटत नाही. पण दोन वर्षं? त्या भिंतीबद्दल प्रत्येक पाहुण्याला सांगितलं काय जातं, तर इथे शेकडो वर्षं तुमच्याआमच्यासारख्या माणसांनी नावं लिहिली, मनातलं लिहिलं. हे ऐकून कुणाचा हात शिवशिवला, तर ते कृत्य चूक ठरवता येतं. पण ते वारशाच्या द्वेषातून झालं असं कसं म्हणायचं? द्वेषाचा नमुना सिगिरियाने वेगळा पाहिला आहे. १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये रात्री कुणीतरी वर चढून चित्रांतल्या बायकांवर हिरवा रंग फासला आणि काही चित्रं खरवडली. इटालियन तज्ज्ञ लुचानो मारांत्सी यांनी येऊन ती जमेल तितकी वाचवली. त्या रंग फासणाऱ्याला काही सांगायचं नव्हतं, दुसऱ्याचं पुसायचं होतं. नाव कोरणारा माणूस बहुधा पुसायला आलेला नसतो. तो त्या यादीत शिरायला आलेला असतो. कायद्याला हा फरक दिसत नसेल, पण शिक्षा मोजणाऱ्याला दिसायला हवा.

आपल्या घराजवळचे दोन दाखले इथे ठेवते, कारण त्यांच्यामुळे काळाचा हिशेब स्पष्ट होतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी आज मुंबई शहराच्या हद्दीत आहेत. तिथल्या ९० क्रमांकाच्या लेण्यात १००९ आणि १०२१ या सालांचे पहलवी लिपीतले लेख आहेत. बौद्ध लेणं पाहायला आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी तारीख घालून आपली आणि आपल्या वडिलांची नावं कोरली, एवढाच त्यांचा मजकूर. ना कविता, ना प्रार्थना. पण पारशी समाज या किनाऱ्यावर केव्हा वावरत होता हे सांगणारा तो मोलाचा पुरावा आहे, आणि त्याला खरड म्हणायची हिंमत कुणी करत नाही. दुसरा दाखला अजिंठ्याच्या १० व्या लेण्यातला. मद्रास घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने २८ एप्रिल १८१९ रोजी तिथे पोचला आणि त्याने एका बोधिसत्त्वाच्या रंगवलेल्या अंगावरच आपलं नाव आणि तारीख ओरखडली. लेण्यात तेव्हा दगडमातीचा ढीग साचला होता आणि तो त्यावर उभा होता, म्हणून ते नाव आज डोक्याच्या वर दिसतं. सिगिरियाच्या वाटसरूंनी चित्रांसमोरच्या कोऱ्या भिंतीवर लिहिलं, याने चित्रावरच. तरी त्याला शिक्षा झाली नाही. उलट लेण्यांचा ‘शोध लावणारा’ म्हणून तो मार्गदर्शकांच्या तोंडी कायमचा जाऊन बसला.

आणि आता गंमत अशी, की ते नाव पुसणं हाच गुन्हा ठरू शकतो. आपल्या १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात स्मारकाची जी व्याख्या आहे तिच्यात कोरीव लेखही येतात. अट एवढीच, की ते ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचे असावेत आणि कमीत कमी १०० वर्षं अस्तित्वात असावेत. स्मिथच्या नावाला १९१९ मध्येच शंभर वर्षं झाली. त्याच कायद्याखाली संरक्षित स्मारक विद्रूप केल्याची शिक्षा आधी तीन महिने कैद किंवा ५,००० रुपये दंड होती. २०१० च्या दुरुस्तीने ती दोन वर्षं किंवा एक लाख रुपयांपर्यंत गेली. शेजारी काल कोरलेलं नाव विद्रूपीकरण, आणि वर १८१९ चं नाव स्मारकाचा भाग. दोन्हींत हात तोच, हत्यार तेच, हौस तीच.

भारतीय कायद्यातली ही शंभर वर्षांची रेघ सरकती आहे, दर वर्षी एक वर्ष पुढे जाते. श्रीलंकेच्या कायद्याने मात्र रेघ कायमची आखून ठेवली आहे: २ मार्च १८१५. कॅंडीचं राज्य ज्या कराराने ब्रिटिशांच्या हाती गेलं त्याची ती तारीख. त्याआधीचं ते पुरातन. शेवटचा देशी राजा गेला त्या दिवशी पुरातनाचं दार लागलं, असा त्याचा अर्थ होतो. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, २०१५ च्या मार्चमध्ये शिक्षा झालेल्या मुलीचं नाव त्या व्याख्येत कधीच बसणार नाही, मग ते तिथे हजार वर्षं राहो.

शहराच्या भिंतींबद्दलचे कायदे याहूनही सरळ आहेत. महाराष्ट्राचा असा कायदा १९९५ चा आहे, दिल्लीचा २००७ चा. मराठीत त्यांचा उल्लेख ‘विद्रूपीकरण’ या शब्दाने होतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी कुरूप करण्याबद्दल बोलणं चाललं आहे. पण दिल्लीच्या कायद्याचं मुख्य कलम वाचलं तर त्यात रूप-कुरूपाचा विचारच नाही. शाई, खडू, रंग किंवा आणखी कशानेही, लोकांच्या नजरेला पडणाऱ्या मालमत्तेवर लिहिलं की झालं. एक वर्षापर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उत्तम चित्र आणि शिवी यांत कलम भेद करत नाही. त्याच दिल्लीत, २०१५ पासून, लोधी कॉलनीतल्या सरकारी घरांच्या भिंती देशोदेशींच्या चित्रकारांनी रीतसर परवानगीने रंगवल्या आणि आज लोक तिथे फोटो काढायला जातात. मला त्यांतली काही चित्रं मनापासून आवडतात. पण त्यांना ‘कला’ ठरवणारी पहिली गोष्ट परवान्याचा कागद होती, हे विसरता येत नाही. दुसऱ्या टोकाला २०२४ ची दिल्ली विद्यापीठाची विद्यार्थी निवडणूक: उमेदवारांच्या नावांनी शहराच्या भिंती इतक्या भरल्या, की उच्च न्यायालयाने सफाई होईपर्यंत मतमोजणी रोखून धरली आणि सप्टेंबरच्या मतदानाचा निकाल नोव्हेंबरच्या अखेरीस लागला. तिथे माझी सहानुभूती न्यायालयाकडे आहे. पैसे देऊन, माणसं लावून, हजारो भिंतींवर एकच नाव छापणं म्हणजे वाटसरूचं लिहिणं नव्हे. ती जाहिरात झाली.

त्या दिल्लीच्या कलमात एक अपवाद आहे. मालमत्तेच्या मालकाचं किंवा तिथे राहणाऱ्याचं नाव आणि पत्ता दाखवण्यासाठी लिहिलं असेल तर तो गुन्हा नाही. नाव आणि ठिकाण, एवढंच. सिगिरियाला येणारेही कवितेच्या शेवटी बहुतेकदा हेच दोन तपशील लिहीत, फक्त भिंत त्यांची नव्हती.